धुक्यातून विमान: १७८ सेकंदांचा अभ्यासक्रम

हा अभ्यासक्रम हौशी लोकांसाठी आहे. पोटासाठी विमान उडवणाऱ्यांनी पुढे वाचू नये. त्यांना ठरावीक महिन्यांनी कोणी ना कोणी परीक्षेला बसवतं, सिम्युलेटरमध्ये कोंडतं आणि एवढं करून शेजारी नजर ठेवायला दुसरा वैमानिक देतं. अशा जाचात हौस मरते.

आमचा विद्यार्थी वेगळा. तो न्यू जर्सीत राहतो, सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर लिहितो आणि चाळिशी उलटल्यावर शनिवार-रविवारच्या शिकवण्या घेऊन त्याने खाजगी वैमानिकाचा परवाना काढलेला आहे. भाड्याने मिळणारं चार आसनी सेस्ना १७२ आहे, नवा हेडसेट आहे, पंखाला टेकून काढलेला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर कधीच जाऊन आलेला आहे. नाही ते फक्त इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं काही दिसत नसताना नुसत्या काट्यांकडे बघून विमान चालवण्याची परवानगी. तिला निदान ४० तासांचा सराव लागतो. परवान्याच्या शिकवणीत डोळ्यांवर आडोसा लावून तीन तास हेच करून घेतलेलं असतं. ते त्याला अंधुक आठवतं, आणि अंधुक हाच आपला विषय आहे.

दिवस कसा निवडावा

दाट धुक्याचा दिवस नवशिक्याच्या कामाचा नाही. धावपट्टीच दिसत नाही म्हटल्यावर कितीही हौशी माणूस किल्ली परत करून घरी जातो. आपल्याला हवी अर्धवट हवा. डोक्यावर निळं आभाळ, समोर पांढुरकं काहीतरी, आणि आकाश कुठे संपतं नि जमीन कुठे सुरू होते याचा पत्ता नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या दमट संध्याकाळी अशी हवा फुकट मिळते. नियमही आपल्या बाजूने आहेत. नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर उडायला तिथे बहुतेक ठिकाणी तीन मैलांपर्यंतचं दिसलं की पुरतं. तीन मैल ऐकायला ऐसपैस वाटतात. ताशी ११५ मैलांनी जाणारी सेस्ना ते दीड मिनिटात संपवते. जमिनीलगतच्या, कोणाच्या नियंत्रणात नसलेल्या हवेत तर दिवसा एक मैलसुद्धा चालतो. भारतात सूर्यास्तानंतर अशा उड्डाणाला सहसा परवानगी नसते. अमेरिकेत असते, वेगळा परवानाही लागत नाही. कायद्याने हो म्हटलं की कायदा शेजारच्या सीटवर बसून येणार, असं नवशिक्याने खुशाल समजावं.

हवामानाच्या अहवालात तापमान आणि दवबिंदू असे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. त्यांच्यातलं अंतर दोन-तीन अंशांवर आलं असेल, वारा पडला असेल, जमीन ओली आणि रात्र निरभ्र असेल तर पहाटेपर्यंत धुकं धरणार हे जवळजवळ नक्की. हे आकडे वाचायला हरकत नाही. त्यांचा एकमेकांशी संबंध मात्र जोडू नये.

एवढ्याने भागत नाही. पलीकडच्या टोकाला हलवता न येणारं काहीतरी हवं. बॉस्टनकडच्या एखाद्या मंडळाचा गणेशोत्सव चांगला. त्यात सासऱ्यांचा एकपात्री प्रयोग असेल तर फारच चांगला. सासरे सहा महिन्यांसाठी आलेले, बँकेतून निवृत्त, पुण्याबाहेर पहिल्यांदाच कोणी प्रयोगाला बोलावलेलं. "जावईबापू, वेळेत पोचू ना?" हे सकाळपासून चारदा विचारून झालेलं. मोटारीने चार-साडेचार तासांचा रस्ता आहे, पण मोटारीनेच जायचं तर विमान शिकलात कशाला? निघायला उशीर व्हावा लागतो. तो सासूबाईंवर सोपवावा. (चार मोठी माणसं, भरलेली टाकी आणि साबुदाणावड्यांचा डबा घेऊन सेस्ना १७२ ने उडू नये असं वजनाचं गणित सांगतं. तो वेगळा अभ्यासक्रम आहे.)

वृत्तीचाही प्रश्न येतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, वैमानिकाच्या घातक वृत्ती पाच ठरवल्या आहेत आणि त्या पाठ्यपुस्तकात छापल्या आहेत: नियम सांगणारे तुम्ही कोण, जे व्हायचं ते पटकन होऊ दे, मला काही होत नाही, बघा आता करून दाखवतो, आणि पाचवी, आता काय, त्याच्या मनात असेल तसं. प्रत्येकीवर उताराही दिला आहे, एकेका वाक्याचा, मनाशी घोकायचा. मराठी माणसात पहिली आणि पाचवी एकाच देहात सुखाने नांदतात. टॉवरशी हुज्जत घालून उडायचं आणि ढग आला की विठ्ठलावर हवाला ठेवायचा. त्या संयुक्त वृत्तीवर उतारा छापलेला माझ्या पाहण्यात नाही.

इथे एका माणसाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्याने यातलं काहीच वेड्यासारखं केलं नव्हतं. १६ जुलै १९९९ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन न्यू जर्सीतल्या काल्डवेलजवळच्या विमानतळावरून स्वतःचं पायपर साराटोगा घेऊन निघाला. सोबत पत्नी आणि मेहुणी. मेहुणीला मार्थाज व्हिनयार्ड बेटावर उतरवून पुढे हायनिसला चुलत बहिणीच्या लग्नाला जायचं होतं. लवकर निघायचा बेत होता. प्रत्यक्षात चाकं सुटली तेव्हा सूर्य मावळलेला होता. विमानतळांवरची दृश्यता कायद्यात आरामात बसत होती. पण किनारा मागे पडल्यावर खाली काळं पाणी होतं, वर धुरकट काळोख होता आणि दोन्हींच्या मधे रेषा नव्हती. त्या रात्री त्या भागात उडालेल्या इतर वैमानिकांनीही पाण्यावर क्षितिज दिसत नसल्याचं पुढे सांगितलं. इन्स्ट्रुमेंटची शिकवणी जॉनने अर्धी केली होती. शेवटच्या क्षणांत विमान मिनिटाला ४,७०० फुटांहून अधिक वेगाने खाली येत होतं. इंजिनात बिघाड सापडला नाही. विमानात ऑटोपायलटही होता. तिघेही गेले. चौकशीच्या अहवालात कारण लिहिलं गेलं ते असं, की अंधारात, धुरकट हवेत पाण्यावर उतरत जाताना वैमानिकाला आपलं विमान कोणत्या अवस्थेत आहे याचं भान राहिलं नाही.

ढगात प्रवेश

आता मुख्य धडा. याला वेळ कमी लागतो. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने २० जण घेतले, ज्यांना काट्यांवर उडण्याचा सराव नव्हता. त्यांना बॉनान्झा जातीच्या विमानात बसवलं, शेजारी शिक्षक दिला आणि बाहेरचं दिसणं बंद केलं. विसांपैकी वीस जणांचा ताबा सुटला. पहिला २० सेकंदांत गेला, सर्वांत चिवट निघाला तो ४८० सेकंद टिकला. सरासरी १७८ सेकंद. तीन मिनिटांना दोन कमी. म्हणजे वर म्हटलेला कायदेशीर तीन मैलांचा टप्पा दोनदा पार करण्याएवढासुद्धा वेळ नाही.

पहिलं अर्धं मिनिट सुंदर जातं. खिडकीबाहेर सगळं पांढरं होतं, मागून सासरे "वा!" म्हणतात. विमान हळूच डावीकडे कलू लागतं, पण ते इतकं सावकाश की तुम्हाला कळत नाही. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव मागे राहतो, आतले बारीक केस वाकतात आणि आपण वळतो आहोत हे मेंदूला कळतं. सेकंदाला साधारण दोन अंशांपेक्षा सावकाश वळलं तर केसांना पत्ताच लागत नाही. आणि एकाच गतीने दहा-वीस सेकंद वळत राहिलं तर द्रवही नळीबरोबर फिरू लागतो, केस पुन्हा ताठ उभे राहतात आणि कान निर्वाळा देतो: सरळ चाललं आहे. ही यंत्रणा चिंचेच्या झाडाखाली भोवरे खेळणाऱ्या आणि फांदीवरून उडी मारणाऱ्या प्राण्यासाठी बनली आहे. त्या कामाला ती उत्तम आहे.

विमान कललं की नाक खाली झुकतं. नाक झुकलं की वेग वाढतो, इंजिनाचा आवाज चढतो. उंचीचा काटा उलटा फिरताना दिसतो. इथे नवशिक्याने शिकवल्याप्रमाणे वागावं: खाली जातो आहोत ना, मग योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, पोटाकडे ओढावा. पंख सपाट असते तर विमान वर गेलं असतं. पंख कललेले आहेत, तेव्हा ओढल्याने फक्त वळण आवळतं. आणखी ओढावं, आणखी आवळतं. सीट पाठीला दाबते आहे, म्हणजे आपण चढतो आहोत असं अंगाला वाटतं. काटा म्हणतो उतरतो आहेस, अंग म्हणतं चढतो आहेस, आणि चाळीस वर्षं ज्या अंगाने कधी दगा दिला नाही त्याच्यावर अविश्वास दाखवायचा म्हणजे कृतघ्नपणाच. इलिनॉयच्या विसांपैकी १९ जण याच वाटेने गेले. घारीसारखी गिरकी, फक्त घारीला जमीन दिसत असते.

मधेच शंका येऊन पंख सपाट केले, तर कान नव्याने ओरडू लागतो की आता तू उजवीकडे वळतो आहेस. मग आपण होऊन पुन्हा डावीकडे कलावं. बरं वाटतं.

हे फक्त नवशिक्यांचं होतं असंही नाही. अमेरिकी सैन्यदलात विल्यम ऑकर नावाचा जुना, मुरलेला वैमानिक होता. १९२६ साली एका डॉक्टरने त्याला गोल फिरणाऱ्या खुर्चीत डोळे मिटून बसवलं, खुर्ची फिरवली, हळू केली आणि विचारलं, कुठल्या बाजूला फिरतो आहेस? ऑकरने ठामपणे चुकीचं उत्तर दिलं. चिडून गेला. परत आला तो एक खोकं घेऊन. आत वळण दाखवणारा काटा नि होकायंत्र, बघायला एक भोक. खोक्यात डोळे घालून त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली. नुसत्या काट्यांवर उडण्याची शिकवणी त्या खोक्यापासून सुरू झाली म्हटलं तरी चालेल. आणि २६ जानेवारी २०२० ला लॉस एंजलिसजवळच्या डोंगरात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटला घेऊन कोसळलेल्या हेलिकॉप्टरचा वैमानिक तर हजारो तास उडालेला होता, त्याच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंगही होतं. ढगात शिरल्यावर चार हजार फुटांवर चढतो आहे असं त्याने रेडिओवर सांगितलं. त्या वेळी हेलिकॉप्टर खाली येत होतं. तो खोटं बोलत नव्हता.

काट्यांबद्दल

समोर सहा काटे असतात. त्यांतला मधला, अर्धा निळा अर्धा तपकिरी, म्हणजे कृत्रिम क्षितिज. तो आणि त्याचे शेजारी नीट वाचले तर ढग आणि दिवाणखाना यांत फरक राहत नाही. वैमानिक जिमी डुलिटलने हे २४ सप्टेंबर १९२९ ला न्यू यॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर सिद्ध करून दाखवलं. त्याची बसायची जागा कापडाने पूर्ण झाकलेली होती. टेकऑफ, चक्कर आणि लँडिंग त्याने बाहेर एकदाही न बघता केलं. पुढच्या जागेवर बेन केल्सी सुरक्षेसाठी बसला होता, आणि आपण कशालाही हात लावत नाही हे खालच्या लोकांना दिसावं म्हणून हात वर धरून होता. सगळा प्रकार पंधरा मिनिटांत उरकला.

काटाही खोटं बोलू शकतो. मुंबईकरांना १ जानेवारी १९७८ ची संध्याकाळ आठवत असेल. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' सांताक्रूझहून उडालं, समुद्रावर गेलं आणि दोन मिनिटं व्हायच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर पाण्यात कोसळलं. २१३ माणसं होती. कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज विमान उजवीकडे कललं आहे असं दाखवत अडकलं होतं, आणि ते सरळ करायला त्याने विमान डावीकडे पार पालथं होईपर्यंत कलवलं, असा चौकशीचा निष्कर्ष होता. बाहेर धुकं नव्हतं. पण काळ्या समुद्रावर काळं आकाश होतं. कॉकपिटमध्ये आणखी दोन कृत्रिम क्षितिजं होती. म्हणूनच एका काट्याकडे टक लावून बसू नका, सगळ्यांवरून नजर फिरती ठेवा आणि एकाची साक्ष दुसऱ्याकडून काढा, असं शिक्षक घसा कोरडा होईपर्यंत सांगतात. छोट्या विमानात तर हे क्षितिज बरेचदा एका हवेच्या पंपावर चालतं. पंप मेला की ते एकदम पडत नाही, सभ्यपणे सावकाश आडवं होतं आणि आपल्यालाही बरोबर नेतं.

परत फिरणं

याची शिफारस आम्ही करत नाही, पण विचारलंत म्हणून सांगतो. सेकंदाला तीन अंश या बेताने वळलं तर बरोबर एका मिनिटात तोंड आलो त्या दिशेला होतं. मागची हवा चांगली होती हे आपल्याला माहीत असतं, आत्ताच तर तिथून आलो. खरं म्हणजे इलिनॉयचा तो प्रयोग याच्यासाठीच होता. त्याच विसांना नंतर साधी पद्धत शिकवली: योकवरची ओढाताण सोडा, विमानाला त्याच्या ठरलेल्या सावकाश वेगावर बसवा, पायांनी हलकं वळवा, मागे फिरा. थोड्या शिकवणीनंतर ते जवळजवळ सगळ्यांना जमू लागलं. ही दुसरी निम्मी गोष्ट कोणी सांगत नाही. १७८ हा आकडा मात्र जगभरच्या फ्लाइंग स्कूलच्या भिंतींवर लागला. माणसांना आकडा लागतो, त्यातून सुटण्याची रीत लागत नाही, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे.

अलीकडच्या काही विमानांत ऑटोपायलटवर एक निळं बटण असतं. ते दाबलं की विमान आपोआप पंख सपाट करून सरळ चालू लागतं. वापरून बघायला हरकत नाही, पण सासरे विचारतील की मग इतका वेळ तुम्ही काय करत होतात.

रेडिओही आहे. "मला इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही आणि मी ढगात आहे" एवढं वाक्य बोललं की पलीकडचा कंट्रोलर बाकीची सगळी गडबड बाजूला सारून तुम्हाला एकेक दिशा सांगत बाहेर काढायला बसतो. कोणाशी बोलायचं ते सुचलं नाही तर १२१.५ ही आणीबाणीची वारंवारता आहे, रडारला आपली ओळख सांगणाऱ्या ट्रान्सपाँडरवर ७७०० हा आणीबाणीचा आकडा लावता येतो. मात्र हे वाक्य हेडसेट घातलेल्या सगळ्यांना ऐकू जातं. बायकोला, सासूबाईंना, सासऱ्यांना. नवशिके सहसा इथेच गप्प बसतात.

ढगाखालून

ढगाच्या खाली, जमिनीला चिकटून जाण्याचा आणखी एक मार्ग सुचवला जातो. तो छोटा आहे. अमेरिकेत टीव्हीचे मनोरे दोन हजार फुटांपर्यंत उंच असतात आणि ज्या तारांनी ते ताणून धरलेले असतात त्या अजिबात दिसत नाहीत. डोंगराचंही तसंच. जुन्नरजवळच्या दवंड्याच्या डोंगरावर जुलै १९६२ मध्ये अलितालियाचं जेट आदळलं आणि ९४ जण गेले. ते ढगाखाली शिरायला बघत नव्हतं. मुंबई जवळ आली असं समजून रात्री वेळेआधी खाली उतरत होतं. डोंगराला कारणात फरक पडत नाही.

उतरणं

धुक्याचा थर पातळ असेल तर वरून धावपट्टी लख्ख दिसते, दिवे मोजून घ्यावेत इतकी. कारण आपण सरळ खाली, शंभर-दोनशे फूट धुक्यातून बघत असतो. मग आनंदाने उतरायला लागावं. आता नजर तिरकी जाते, तेच धुकं मैलभर जाडीचं होतं आणि जमिनीजवळ आल्यावर धावपट्टी नाहीशी होते. या क्षणी पूर्ण ताकद देऊन पुन्हा वर जाणं आणि दुसरा विमानतळ शोधणं हा एक पर्याय आहे. त्याला पेट्रोल लागतं. पेट्रोल किती आहे हे निघताना बघितलेलं असावं लागतं.

चार्ल्स लिंडबर्गने बघितलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. अटलांटिक एकट्याने ओलांडायच्या आदल्या वर्षी तो सेंट लुईस ते शिकागो टपाल नेत असे. १६ सप्टेंबर १९२६ च्या रात्री शिकागोवर धुक्याची चादर होती. खाली मेवुडच्या विमानतळावर लोकांनी त्याच्यासाठी पेट्रोलची दोन पिंपं पेटवली, तरी त्याला धावपट्टी सापडली नाही. हिशेबाने अजून बराच वेळ हाताशी होता. पण मेकॅनिकने ११० गॅलनची गळकी टाकी काढून ८५ गॅलनची बसवली होती आणि ते सांगायचं राहून गेलं होतं. इंजिन बंद पडलं. पाच हजार फुटांवरून लिंडबर्गने पॅराशूट घेऊन उडी मारली. आता विमान जाईल तिकडे जाईल म्हणून त्याने इग्निशन बंद केलं नव्हतं. नाक खाली झाल्यावर टाकीच्या तळचे उरलेसुरले थेंब पुढे आले, इंजिन पुन्हा सुरू झालं आणि रिकामं विमान त्याच्याभोवती गिरक्या घेत, त्याच्याच दिशेने येत, त्याच्याबरोबर खाली उतरू लागलं.

तो डोक्याएवढ्या मक्याच्या शेतात पडला. बाहेर येऊन रस्त्याला लागला तेव्हा आवाज ऐकून निघालेले शेतकरी गाडी घेऊन वैमानिकाचा शोध घेत होते. विमान दोनेक मैलांवर सापडलं. टपालाच्या पिशव्या धड होत्या. त्या त्याने गावातल्या पोस्टात पोचवल्या आणि ते विमानटपाल पहाटेच्या आगगाडीने शिकागोला गेलं.